राखून ठेवलेली जागा

दोर तिसऱ्यांदा सटकला तेव्हा युजीन स्वतः गुडघ्यावर बसला आणि त्याने झुडपाच्या बुंध्याला नव्याने गाठ मारली. दोराचं दुसरं टोक पॉलाच्या पिकअपच्या मागच्या हुकाला बांधलेलं होतं.

"आता घे पुढे," तो म्हणाला. "हळू. आमच्या कारखान्यात शेडमधून रेल्वेचं इंजिन बाहेर काढायचं तसं."

"मी कुठे इंजिनं काढलीत, बाबा? मी शाळेत भूगोल शिकवते." पॉलाने खिडकीतून मान बाहेर काढली. "बाजूला व्हा. तो दोर तुटून तोंडावर बसला तर पुन्हा दवाखाना."

गाडी वीतभर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मुळं एकामागून एक तुटल्याचा आवाज आला आणि झुडूप पायपुसण्याएवढा मातीचा गड्डा घेऊन आडवं झालं. त्याच्यामागची भिंत उघडी पडली. बाकीच्या विटा उन्हाने आणि बर्फाने फिकट झाल्या होत्या. झुडपाच्या आकाराएवढा भाग मात्र अजून लालभडक होता.

"चाळीस वर्षं झाली यांना," युजीन दोर गुंडाळत म्हणाला. "लोरेटाची झुडपं."

"आईची?" पॉला गाडीतून उतरली. "आईला ती कधीच आवडायची नाहीत. बैठकीत अंधार करतात म्हणायची. लावली तुम्ही. मी सहा-सात वर्षांची होते, तुम्ही मला टेप धरायला उभं केलं होतंत. दोन्ही झुडपं दारापासून सारखीच लांब हवीत म्हणून."

युजीनने दोराचे वेटोळे एकसारखे केले आणि तो गाडीत टाकला.

दाराच्या चौकटीला घरांची दलाल शेरिल हिने दिलेला कागद चिकटवलेला होता. अमेरिकेतल्या एरी शहराच्या या भागातली निम्मी घरं शेरिलनेच विकलेली. मागच्या आठवड्यात तिने बापलेकीला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं होतं आणि मनगटावरचं घड्याळ वर धरलं होतं.

"गिऱ्हाईक गाडी हळू करतं आणि आठ सेकंद बघतं. तेवढ्यात घर डोळ्यात भरलं तर उतरतं, नाहीतर पुढे जातं. मोजते हं." आठ सेकंद झाल्यावर तिने विचारलं, "काय दिसलं?"

"घर," युजीन म्हणाला.

"मला दोन झुडपं दिसली, आणि त्यांच्यामागे लपून बसलेलं कोणीतरी."

मग तिने यादी केली होती. झुडपं काढा. कठड्याचा गंज घासून रंग द्या. दार निळं करा. मे महिना आहे, ओट्यावरचं बर्फाचं फावडं आत टाका. ताटव्यात झाडांच्या सालींचा चुरा पसरा. सगळ्यात शेवटी, ताटव्यातल्या मोकळ्या जागेवर रंगीत फुलं लावा. पिअनीच्या फुलझाडांच्या रांगेत दीड वीत माती उघडी होती आणि तिच्यावर तळहाताएवढा एक चपटा करडा दगड होता. हसऱ्या तोंडातला एक दात पडल्यासारखं दिसतं, असं शेरिल म्हणाली होती.

निघताना तिने पर्समध्ये हात घालून विचारलं होतं, "आणि जोसेफ? माझ्याकडे खोकंभर आहेत. फुकट."

या भागात घर विकायला काढलं की अंगणात संत जोसेफची बोटभर मूर्ती पुरतात. डोकं खाली, तोंड घराकडे. घर विकलं गेलं की त्याला उकरून काढायचं, धुवायचं आणि नव्या घरात चांगल्या जागी बसवायचं. तोवर त्याला हात लावायचा नाही.

"आमच्याकडे नको," युजीन म्हणाला होता. "लोरेटा असलं काही मानायची नाही."

यादीतली कामं तो मुकाट्याने करत होता. पण घर विक्रीला काढायच्या करारावर त्याने अजून सही केली नव्हती. आठ दिवस तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली पडून होता. जानेवारीत तो पायरीवरच्या बर्फात घसरून पडला आणि पोस्टमन येईपर्यंत, चाळीस मिनिटं, तिथेच पडून राहिला. तेव्हापासून पॉला मागे लागली होती. कोलंबसला तिच्या घरी तळमजल्यावरची खोली तयार होती. मात्र तिने सहीचं नाव काढलं की तो एकच वाक्य म्हणायचा.

"लोरेटाला हे घर सोडवलं नसतं."

सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये लोरेटा गेली, त्या दिवशी चर्चच्या सभागृहात हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं होतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. पुढे ते त्याच्या तोंडात बसून गेलं.

दुसरं झुडूपही निघाल्यावर दुपारी दोघांनी ओट्यावर बसून चर्चमधल्या बायकांनी केलेले, करंजीसारखे बटाटा भरलेले पिएरोगी खाल्ले. मग युजीन पॉलिश पेपर घेऊन कठड्याशी बसला आणि पॉला खुरपं घेऊन ताटव्यात उतरली. पिअनीच्या कळ्यांवर मुंग्या फिरत होत्या. तिने करडा दगड उचलला.

"तो राहू दे," युजीन म्हणाला.

"यादीत आहे, बाबा."

"तुझ्या आईने ती जागा राखून ठेवली होती."

"कशासाठी?"

"विचारलं होतं मी एकदा. बघू, म्हणाली."

दरवर्षी बर्फ वितळलं की लोरेटा ताटवा साफ करायची. तो दगड उचलायची, एप्रनला पुसायची, खालची माती बघायची आणि दगड पुन्हा तिथेच ठेवायची. युजीनला वाटायचं, बहिणीकडून एखादं रोप यायचं असेल.

"सात वर्षं वाट बघितलीत ना तुम्ही? आता लावू आपणच काहीतरी," पॉला म्हणाली आणि तिने खुरपं मातीत घातलं. चौथ्या-पाचव्या वेळी ते कशाला तरी अडलं. तिने हाताने माती बाजूला केली. प्लास्टिकची पिशवी होती, पावाची. पिअनीची दोन बारीक मुळं तिच्यातून आरपार गेली होती. पॉलाने ती नखाने तोडली आणि पिशवी सोडवली.

"बाबा." ती हसायला लागली. "हे बघा कोण आलंय."

तिच्या तळहातावर संत जोसेफ होता. नाकावरचा रंग उडालेला, हातातला सुताराचा गुण्या अर्धा मोडलेला.

"असलं काही मानायची नाही म्हणे! अहो, तुमच्या नाकाखाली पुरला होता तिने." पॉलाने पिशवीच्या तोंडाची चपटी क्लिप उलटीपालटी केली. "पावाची तारीखसुद्धा आहे. अठरा ऑगस्ट. म्हणजे तुम्ही घर काढलं होतंत ना विकायला, त्या उन्हाळ्यातला. अकरा वर्षं डोक्यावर उभा आहे बिचारा. आणि काम काय केलं? शून्य."

युजीनच्या हातातला पॉलिश पेपर कठड्यावर तसाच थांबला.

त्या वर्षी अंगणात मेपासून विक्रीची पाटी होती. लोरेटाचा दमा वाढला होता. सरोवरावरून येणारा थंड वारा तिला सोसत नव्हता. तिची बहीण आयरीन टूसनला राहायची, वाळवंटातल्या कोरड्या हवेत, आणि डॉक्टरही तिकडेच जा म्हणत होते. युजीन हो म्हणाला होता. जून, जुलै कोणी फिरकलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी संपून सप्टेंबरात शाळा उघडल्या त्या आठवड्यात एक जोडपं आलं. नवरा-बायको दोघंही नर्स. त्यांनी दहा मिनिटं घर पाहिलं आणि लोरेटाने केलेला केक खाल्ला. दुसऱ्या दिवशी, सहा सप्टेंबरला, तेव्हाच्या दलालाचा फोन आला. लोरेटा चर्चमध्ये होती. युजीन स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी उभा होता. घर त्यांना फार आवडलंय, दलाल म्हणाला, संध्याकाळपर्यंत हो म्हणा. युजीनने खिडकीतून गॅरेजकडे पाहिलं होतं. हत्यारं, पलीकडे राहणारा हँक, शनिवारचं बोलिंग, चालत जाण्याएवढ्या अंतरावरचा कारखाना. आमचा विचार बदललाय, तो म्हणाला होता. लोरेटाला मी सांगतो, तुम्ही नका बोलू.

लोरेटाला त्याने सांगितलं, की त्यांना स्वयंपाकघर अंधारं वाटलं.

पाव आठवडाभर टिकतो. शिळा पावही तिने टाकला नसता, पिशवी रिकामी व्हायला आणखी एखादा दिवस. मूर्ती अठरा ऑगस्टला पुरली असं धरलं तरी सहा सप्टेंबरचा फोन म्हणजे एकोणीस दिवस. त्याने बोटांवर पुन्हा मोजलं. एकोणीसच.

"आई पण कमाल होती," पॉला म्हणत होती. "आठवतंय ना? ते दोघं स्वयंपाकघराला नाकं मुरडून गेले तर बाईसाहेबांनी सगळी कपाटं पांढरी रंगवून काढली. दमा असताना. मी फोनवर केवढी ओरडले होते. तर म्हणे, पुढच्या गिऱ्हाइकाला उजेड दिसेल."

युजीन उठला. कठडा धरून दोन पायऱ्या उतरला, ताटव्यापाशी आला आणि चांगला गुडघा आधी टेकवून खाली बसला. त्याने हात पुढे केला. पॉलाने मूर्ती त्याच्या हातात दिली. खिशातल्या रुमालाने त्याने तिचा चेहरा पुसला. माती डोळ्यांच्या खाचांत बसली होती, ती निघाली नाही.

"तू काढलास तेव्हा तोंड कुठे होतं याचं?"

"घराकडे. का?"

त्याने खड्डा बोटांनी थोडा खोल केला, मूर्ती डोक्यावर उभी केली आणि तोंड घराकडे वळवलं.

"अहो, काय करताय? तिथे मला पिटुनिया लावायच्यात."

"घर विकलं की काढायचा असतो. त्याआधी नाही."

"पण बाबा, ते तेव्हाचं. तेव्हा काही विकलं गेलं नाही, म्हणून..."

"त्या दोघांना स्वयंपाकघर आवडलं होतं," युजीन म्हणाला.

पॉलाने खुरपं खाली ठेवलं. तो मूर्तीभोवती माती लोटत होता, थोडी लोटायचा, अंगठ्याने दाबायचा, पुन्हा लोटायचा.

"सगळंच आवडलं होतं. संध्याकाळपर्यंत हो म्हणा, असा फोन आला होता. मी घेतला तो."

रस्त्यावरून एक गाडी गेली. पॉलाने हातातला एक मोजा काढला, मग दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून तिने त्यांची घडी घातली. तिने ओट्याकडे पाहिलं. शेरिलने सांगूनही आत टाकायचं राहिलेलं बर्फाचं फावडं तिथे भिंतीला टेकून उभं होतं.

"तिला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला वाटत होतं, ती विसरली. पुन्हा कधी विषय काढला नाही तिने." युजीनने मातीवरून हात फिरवून ती सपाट केली. "आज कळलं, ती थांबली होती."

त्याने करडा दगड पुसून जागेवर ठेवला. उठताना त्याचा उजवा गुडघा उचलेना. पॉलाने लगेच हात दिला नाही. मग दिला.

चारच्या सुमारास शेरिल आली. तिने गाडी पलीकडे उभी केली आणि तिथूनच घड्याळ वर धरून आठ सेकंद घराकडे पाहिलं.

"बघा," ती रस्ता ओलांडत म्हणाली, "आता दार दिसलं. खिडकी दिसली. आत माणसं राहतात असं वाटतंय. पण हा पडका दात तसाच ठेवलात की, युजीन. फुलं मिळाली नाहीत का?"

"ती जागा तशीच राहील," युजीन म्हणाला. "करार आणतो. थांबा."

तो आत गेला आणि साखरेच्या डब्याखालचा कागद घेऊन बाहेर आला. त्याने हात पँटला पुसले, कागद कठड्यावर टेकवला आणि शेरिलने दाखवलं त्या तिन्ही ठिकाणी सही केली. तिसऱ्या सहीशेजारी मातीचा अंगठा उमटला.

"तुमचं मन वळलं हे फार बरं झालं," शेरिल म्हणाली. "आता तरी घ्या जोसेफ. लोरेटा रागावणार नाही."

"आहे आमच्याकडे," पॉला म्हणाली. ती पायरीवर बसली होती, बापापासून दोन पायऱ्या खाली, पाठमोरी. "त्या दगडाखाली. आईने पुरलाय. अकरा वर्षं झाली."

"अकरा?" शेरिल हसली आणि पर्स उघडू लागली. "मग तो काही उपयोगाचा नाही, बाई. नवा देते."

"नको," पॉला म्हणाली. तिने मान वळवली नाही. "चांगला आहे तो. काम करतो."

युजीनने पेनाचं टोपण लावलं. एकदा बसलं नाही, म्हणून पुन्हा लावलं. मग त्याने भिंतीशी टेकलेलं फावडं उचललं आणि तो ते आत घेऊन गेला.