सासूबाई आणि मी, झाडावर

सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांना आकाशात फिरवून आणायची कल्पना माझी नव्हती, माझ्या बायकोची होती, सेराइनाची. सासूबाई, म्हणजे बार्ला, डोंगरातल्या आमच्या गावात अतिथिगृह चालवतात. हिवाळाभर स्कीवाले त्यांच्याकडे जेवतात, झोपतात, ओले मोजे शेगडीवर वाळवतात. पण स्वतः स्कीवाल्यांच्या लिफ्टमध्ये बसून डोंगरावर जायला त्यांना कधी सवडच झाली नव्हती. मी पाहुण्यांना पॅराग्लायडरवरून उडवतो. पाहुणा पुढे, मी त्याच्या पाठीला, दोघांना मिळून एकच छत्री.

"पडले तर रात्रीचं सूप कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"आई, फ्लुरिनने आजवर कुणाला पाडलेलं नाही," सेराइना म्हणाली.

ते खरं होतं. पण त्या दुपारी आम्ही हवेत असताना दक्षिणेचा वारा अंदाजापेक्षा आधीच कड्यावरून खाली उतरला. छत्रीची एक बाजू मिटली, आम्ही गरगरत घळीकडे गेलो आणि एका उंच स्प्रूसच्या झाडाच्या शेंड्यात अडकलो. वर फांद्यांत गुंतलेलं कापड, खाली घळ, मध्ये लोंबकळणारे आम्ही दोघं.

"फ्लुरिन, उतरलो का आपण?"

"नाही, आई. हलू नका."

खिशातला फोन चालू होता. बचावपथकाचा माणूस म्हणाला, या वाऱ्यात हेलिकॉप्टर येणार नाही, माणसं चढून येतील, वेळ लागेल. एवढ्यात वरची फांदी कडाडली आणि आम्ही हातभर खाली घसरलो. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांचं सगळं अंग मात्र ताठ झालेलं मला पोटाशी जाणवलं.

खोड त्यांच्या पुढ्यात होतं, माझा हात तिथे पोचत नव्हता. मी त्यांच्या हातात माझ्याकडचा जादा पट्टा दिला. तो खोडाला वेढा घालून कडीत अडकवायचा होता. थंडीने त्यांची बोटं वळेनात. दोनदा पट्टा सुटला. तिसऱ्यांदा कडी लागल्याचा आवाज आला.

"आता खोडाला मिठी मारा. सोडू नका."

त्यांनी मिठी मारली. वाऱ्यात झाड हलायचं, त्याबरोबर आम्हीही. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त लोकरीची टोपी, तिच्यावर फांद्यांवरून झडून साचणारा बर्फ. त्यांना झोप येऊ लागली, म्हणून मी त्यांना बोलतं ठेवलं. सूप, पाहुणे, बिघडलेला बॉयलर, सगळं बोलून संपलं. मग त्याच म्हणाल्या, "सेराइना माझ्यापासून काय लपवतेय? सांग. इथून मी कुठे जाणार आहे?"

खोटं बोलायला तोंड उघडेना. "उन्हाळ्याआधी आम्ही जाणार आहोत. तिला दूर लुगानो शहरात, एका शाळेत नोकरी मिळतेय. मी तिकडे उडायला शिकवीन."

त्यांची टोपी खोडाला टेकली. मला भीती वाटली की त्या हात सोडतील.

"आई?"

"धरलंय मी," त्या म्हणाल्या. "अतिथिगृह तुम्ही घ्याल असं वाटलं होतं."

"माहीत आहे."

"मग आधीच का नाही बोललास?"

  अंधारून आलं तेव्हा खालून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग विजेऱ्या दिसल्या. आम्हाला दोराने खाली घेतलं, तेव्हा सासूबाईंच्या हातांची मिठी उलगडायला दोन माणसं लागली.

घरी त्यांनी झाडावरच्या बोलण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या, थंडीने काळी पडलेल्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. त्या हाताने परात उचलताना त्यांना पाहिलं की नोकरीचा विषय आमच्या ओठांवर येऊन परत जायचा. सेराइनाने शाळेला होकार कळवला नाही, नकारही दिला नाही. मी सकाळी पाहुण्यांचं सामान उचलायचो, दुपारी भांडी विसळायचो. छत्री कोठारात पडून होती. घराच्या भिंती रोज थोड्या जवळ सरकताहेत असं वाटायचं, आणि कुणी आम्हाला थांबा म्हटलंही नव्हतं.

बर्फ वितळू लागला तेव्हा एका सकाळी अतिथिगृहातल्या आमच्या खोलीच्या दाराबाहेर दुकानातून आणलेली केळ्यांची रिकामी खोकी रचलेली होती. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या.

"मी वर थंडीने बधिरले होते, बहिरी नव्हते झाले," त्या म्हणाल्या. "तुमची खोली मी उन्हाळी मोसमासाठी भाड्याने दिलीय. आठवड्यात रिकामी करा."

"आई, तुझं कसं होईल?" सेराइना रडत होती.

"ते मी बघेन. तुम्ही आधी भरायला घ्या."

आम्ही निघालो त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या काचेमागे त्यांची टोपी दिसली. सेराइनाने हात हलवला. आत पाहुण्यांचा नाश्ता चालू होता.