सात फूट एक इंच

गोदामात एकतीस वर्षं काढलेला माणूस. सहीशिवाय एक वॉशर त्यानं कुणाच्या हातात पडू दिला नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्याला स्टोअरकीपरच म्हणायची, आणि रागावली की बायकोसुद्धा. एरवी ती त्याला ‘अहो’ म्हणे. ती घरी बसून कपडे शिवायची, म्हणून ती शिवणबाई. नावानं हाक मारणारं त्यांच्या दारी कुणी उरलं नव्हतं.

शिवणबाईचं एक कौतुक मात्र गल्लीभर होतं. तिने सांगितलं तेवढं कापड आणावं, तर ब्लाउज असो की पडदा, दर वेळी दोन-चार बोटं कापड उरायचंच. आणि ती ते घडी घालून परत द्यायची. बायका म्हणायच्या, “दुसरा शिंपी उरलेलं खिशात घालतो, या बाईचा हात बघा!” ती मनातून सुखावायची. इतक्या वर्षांची सवय आहे, कमी कापडात बसवते, असं तिला वाटायचं. कुठून उरतं ते तिने कधी शोधलं नाही. चांगलं म्हणतात त्याचा शोध कोण घेतो हो?

त्यांचं घर उतारावर होतं. पुढच्या रस्त्यावरून अकरा पायऱ्या चढल्या की घर, आणि मागच्या बोळातून थेट तळघर. तिथे काय, तर रंगाचे रिकामे डबे, तीन पायांची खुर्ची आणि भिंतीला बारमाही ओल. पण चाकाची खुर्ची या घरात शिरू शकेल असं दार ते एकच होतं. आणि चाकाची खुर्ची ठकीची होती.

ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी कामाच्या ठिकाणी जिन्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. तेव्हा बावीस वर्षांची होती. तेव्हापासून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत राहायची. तिची कॉट खिडकीजवळ होती. ती जागा मिळवायला तिला तीन वर्षं वाट पाहावी लागली होती, आणि आईबाप रविवारी आले की ती आधी बाहेरचं झाड दाखवायची, मग बाकीचं बोलायची. आता ती संस्थाच बंद होणार होती. पुढच्या महिनाअखेर. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी घरी जायचं, ज्यांची नाही त्यांना दीड दिवसाच्या प्रवासावरच्या मोठ्या संस्थेत पाठवणार. दीड दिवस! म्हणजे म्हातारा-म्हातारीने वर्षातून दोनदा जायचं, आणि पुढे पुढे एकदा, आणि मग गुडघे नाही म्हणाले की संपलं.

घरी न्यायचं तर पालिकेचा कागद हवा होता, खोली माणसाला राहण्याजोगी आहे असा. ओल नको, दार रुंद हवं, उजेड हवा आणि छत सात फुटांच्या खाली नको.

“सगळं होतंय,” स्टोअरकीपर म्हणाला, आणि त्यानं नवी वही काढली.

चार दिवस तो त्या वहीतून उठला नाही. ओल काढणं, दार फोडून रुंद करणं, उताराचा रॅम्प, न्हाणीघर, वीज, हीटर, रंग. प्रत्येक गोष्टीपुढे अंदाज, त्यापुढे प्रत्यक्ष, त्यापुढे फरक. खाली राखीव. राखीव हा त्याचा जीव की प्राण होता. “राखीव ठेवत नाही तो माणूस नाही,” असं तो म्हणायचा, आणि शिवणबाई म्हणायची, “मग मला पण राखीव एक नवरा ठेवायला हवा होता.”

खरी मेख जमिनीची होती. जुनी जमीन ओलीने पोखरलेली. एक मार्ग असा की ती खोदून काढायची आणि खाली नवी घालायची, पण मग राखीव तर राखीव, अंदाजातलंही पुरणार नव्हतं. दुसरा मार्ग असा की आहे तिच्यावरच चार इंच काँक्रीट चढवायचं, त्यातच न्हाणीघराचे पाइप टाकायचे. खर्च निम्म्याहून कमी. पण चार इंच चढवले तर तेवढी उंची जाणार. तेव्हा आधी माप.

वहीत सगळ्यात वर ‘स्टील टेप, नवी’ अशी एक ओळ होती. सगळ्यात आधी काट बसली ती त्याच ओळीला. पुढे त्यानं नीट अक्षरात लिहिलं, ‘गरज नाही, घरात आहे.’

“अगं, तुझी टेप दे.”

“कापडाची आहे हो ती.”

“इंच काय कापडाचा वेगळा आणि लोखंडाचा वेगळा असतो?”

आता यावर ती काय बोलणार? टेप साठ इंचांची, म्हणून साठावर भिंतीला पेन्सिलची खूण केली, आणि तिथून वर पुन्हा लावली. तो स्टुलावर, ती खाली टोक धरून. वर एकोणतीस. साठ आणि एकोणतीस, एकोणनव्वद. सात फूट पाच इंच! त्यानं तीन कोपऱ्यांत तीनदा मोजलं, तिन्हीकडे तेच. चार गेले तरी सात फूट एक. “बघ,” तो स्टुलावरूनच म्हणाला, “इथेही एक इंच राखीव पडला.” त्या दिवशी तिला तो पुन्हा लग्नाच्या वेळचा दिसला, खोटं कशाला बोला.

गवंडी म्हातारा आणि तोंडाचा फटकळ होता. काँक्रीट कालवायच्या आधी त्यानं छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, उंची बघून घेतलीत ना? मागाहून माझ्या नावानं बोंब नको.” स्टोअरकीपरला राग आला. त्यानं वही उघडून गवंड्याच्या नाकासमोर धरली. तीन मापं, तारीख, सही. गवंडी म्हणाला, “मग ठीक. वहीत आहे म्हणजे आहे,” आणि कामाला लागला. चार इंच म्हणजे चार इंच, एक सूत इकडेतिकडे झालं नाही. त्याला बोल लावायला जागाच नाही.

पाच आठवडे घरात सिमेंट, धूळ आणि ठोकाठोक. दार अंदाजाबाहेर गेलं, न्हाणीघर त्याच्याही बाहेर गेलं, राखीव रॅम्पखाली गेलं. शिवणबाईने आपलं दुसरं मशीन विकलं आणि “नाहीतरी ते अडतच होतं” असं म्हणाली. अडत बिडत काही नव्हतं. शेवटी वहीतला प्रत्येक रकाना भरला आणि शिल्लक उरली ती म्हणजे वही. पण खोली काय झाली होती! कोरड्या भिंती, पिवळसर रंग, बोळाच्या बाजूला रुंद खिडकी. शिवणबाईने त्या खिडकीचं माप घेऊन निळे पडदे शिवले. लावले तेव्हा कठड्याला बरोबर टेकले, दोऱ्याचाही फरक नाही. फोनवर ठकीने विचारलं, “चुण्या घातल्यास ना?” ती म्हणाली, “घातल्या गं बाई, घातल्या, तू ये तर खरी.”

पालिकेचा इन्स्पेक्टर आला तेव्हा महिना संपायला नऊ दिवस होते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यानं दार पाहिलं, मान हलवली. भिंतीला हात लावला, “छान कोरडी केलीत” म्हणाला. रॅम्पवर स्वतः वर-खाली चालून पाहिलं. मग खिशातून स्टीलची टेप काढली, खट्कन छताला लावली आणि खाली वाकला. पुन्हा लावली. दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मग तिसऱ्या, मग चौथ्या.

“सहा फूट अकरा,” तो म्हणाला.

“सात एक,” स्टोअरकीपर म्हणाला. अगदी शांतपणे, एखाद्या नव्या कारकुनाला चूक दाखवावी तसं.

“काका, मी चार ठिकाणी पाहिलं. कुठे तरी सात भरावं म्हणूनच पाहिलं.”

“तुमची टेप तपासून घ्या.”

स्टोअरकीपर तरातरा वर गेला, मशीनवरची कापडी टेप घेऊन आला. दोन्ही टेपा त्यांनी नव्या जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या. शून्याला शून्य जुळलं. दहाला जरासं मागे. तिसाला अर्ध्या इंचाहून जास्त. आणि कापडी टेपचा साठ जिथे संपला, तिथे स्टीलच्या टेपवर साठ यायला दीड इंच बाकी होता.

“आटली आहे ही,” इन्स्पेक्टर म्हणाला. “धुतली होती का कधी?”

शिवणबाईला तेव्हाच सगळं आठवलं. ठकी पडली त्या दिवशी ती तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेली होती, शिवताना घातलेल्या एप्रनसकट. तिसऱ्या दिवशी घरी आली ती रक्ताने माखलेली. डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळे कपडे तिने उकळत्या पाण्यात टाकले, एप्रनसुद्धा, खिशात काय आहे ते न पाहता. टेप नंतर पाण्यात सापडली. तिने ती दोरीवर वाळत घातली, आणि पुढच्या सोमवारपासून पुन्हा गळ्यात अडकवली. सहा वर्षं! त्याच टेपने माप घ्यायचं, त्याच टेपने कापायचं, मग चुकणार कसं? कपडा बसायचा, पडदा टेकायचा. फक्त दुकानातल्या मीटरने आणलेलं कापड दर वेळी उरायचं, आणि गल्ली तिच्या हाताची तारीफ करायची.

“एका इंचाने काय होतं हो साहेब?” ती म्हणाली. “ती बसलेली असते. तिचं डोकं छताला लागायचं नाही कधी. माझी पोर उभीच राहात नाही हो!”

इन्स्पेक्टरने मान खाली घातली. “मावशी, मला कळतं. पण मी सात लिहिलं आणि उद्या कुणी मोजलं, तर कागदही जाईल आणि माझी नोकरीही. जमीन खाली घ्या, परत अर्ज करा. मी स्वतः येईन.” जाताना त्यानं चपला हातात घेतल्या, नवी जमीन मळू नये म्हणून.

गवंड्याला बोलावलं. तो उंबऱ्यातच बसला, कानावरची विडी काढली आणि परत ठेवली. “फोडायची म्हणजे न्हाणीघराचे पाइप फोडायचे, न्हाणीघर फोडायचं, दाराची चौकट सोडवायची,” तो म्हणाला. “महिना तरी. आणि जेवढे पैसे घातलेत तेवढेच परत. मजुरी मी सोडून देईन, पण सिमेंट मला फुकट देत नाही कुणी.” एरवी फटकळ माणूस, त्या दिवशी एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं.

तो गेल्यावर स्टोअरकीपर तळघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. वही मांडीवर. शिवणबाई वाट पाहात होती की तो ओरडेल, टेप फेकेल, निदान म्हणेल की तुझ्यामुळे. म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं पहिलं पान उघडलं, काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथून काढलंच नाही.

“मी खोडली ही ओळ,” तो म्हणाला. “सगळ्यात स्वस्त ओळ होती गं.”

“टेप माझी होती.”

“तू म्हणाली होतीस, कापडाची आहे म्हणून.”

बोळातून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. ज्या लेकीसाठी हे सगळं केलं तिला आता दोघांपैकी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं की ते तोंड शिवणबाईचंच असणार. इतक्यात वर फोन वाजला. रोजची तीच वेळ. शिवणबाई उठली. बोळातून वळसा घालून अकरा पायऱ्या चढली, आणि पहिल्यांदाच प्रत्येक पायरी मोजली.

“आई, आला होता ना माणूस आज? झालं ना?”

“ठके, माप चुकलं गं.”

“कशाचं? पडद्यांचं?” ठकी हसली. शिवणबाईची पोर ती. “मग उसव आणि परत घाल. तुला काय अवघड आहे?”

“पडद्याचं नाही, बाळा. खोलीचं. एक इंच कमी भरली. जमीन फोडायला हवी, आणि आता ते व्हायचं नाही. नऊ दिवसांत नाही. पैसेही संपले.” तिने सगळं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

पलीकडे कुणाचं तरी भांडं पडलं, कुणीतरी हसलं.

“म्हणजे मी तिकडे,” ठकी म्हणाली.

“थोडे दिवस. आम्ही परत पैसे जमवू. मी दिवसाला...”

“आई,” ठकी मध्येच म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला, “मी माझी खिडकीची कॉट सकाळीच त्या नव्या मुलीला देऊन टाकली. म्हटलं, मला आता काय करायची आहे. ती इतकी खूश झाली गं. आता परत कशी मागू?”

खाली तळघरात स्टोअरकीपर कापडी टेप छतापासून खाली धरून पुन्हा उंची मोजत होता, आणि दर वेळी सात फूट एक इंचच भरत होती.