सहा घरं, एक झाकण

मी घरातल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आहे. सहा वर्षं जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे बसले आणि काल मला उचलून दाराबाहेर ठेवलं. मित्रांनो, मी घाबरलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या प्लेटा उभ्या केल्या, वरून आम्ल ओतलं आणि सहा झाकणं लावली. सहा झाकणं, कारण आत सहा घरं. मधल्या भिंती पक्क्या, या घरातला थेंब त्या घरात जात नाही. एवढं ध्यानात ठेवा. सगळा घात इथंच झाला.

मला या घरी आणलं ते पाणीवाल्यांनी. बस डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या बॅटऱ्यांना पाणी घालण्याचं काम केलं, म्हणून ते पाणीवाले. दर महिन्याला माझं चार्जिंग पूर्ण झालं की ते इन्व्हर्टर बंद करत, रॅक सरकवत, मला पुढे ओढत आणि सहाही झाकणं उघडत. विजेरी मारून एकेका घरात डोकावत. मग नरसाळ्यानं डिस्टिल्ड वॉटर, जिथं जेवढं हवं तेवढंच.

"प्लेटा बुडाल्या पाहिजेत बाई, पण नाकातोंडात जायला नको," असं ते माझ्याशी बोलत. वीज गेली की शेजारी घामाघूम होत आणि आमचा पंखा फिरत राही. मला किती बरं वाटायचं, काय सांगू.

मग त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. पुढच्या खोलीत पलंग आला, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. डॉक्टर सुनेला म्हणाले, "हे बंद पडता कामा नये." घरात दुसरी सोय नव्हती. वीज गेली की मीच. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

पाणी घालण्याचं काम आता मुलाकडे आलं. मुलगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, पडद्यांचं दुकान चालवतो. माणूस वाईट नाही. पण रॅक ओढायचा त्याला कंटाळा. रॅकच्या फटीतून हात घातला की माझं एकच झाकण हाताला लागे. तेवढंच तो उघडी आणि बाटली उपडी करी. डबा एक आहे, पाणी आत पसरेल, असा त्याचा हिशोब. बापाला विचारायची लाज वाटे. बाकीच्या झाकणांवरच्या काड्या पाणी आटल्याचं दाखवत खाली बसल्या होत्या. त्या बघायला रॅक हलवावा लागला असता.

"पाणी घातलंस का रे बॅटरीला?" पलंगावरून प्रश्न येई.

"घातलं बाबा. काठोकाठ."

"काठोकाठ कशाला? विहीर आहे का ती?"

"तुमच्यापेक्षा माझी गिऱ्हाइकं बरी. एकदा माप सांगितलं की गप्प बसतात."

म्हातारा हसे आणि हसता हसता त्याला ढास लागे. मुलगा खोटं बोलत नव्हता हो. पाणी खरंच घातलं होतं. खोटारडा असता तर कधीतरी पकडला तरी गेला असता.

दोन वर्षं असं चाललं. पहिलं घर भरून वाहायचं, आम्ल बाहेर सांडायचं, आत उरायचं नुसतं पाणी. उरलेल्या पाच घरांत प्लेटा उघड्या पडल्या, पांढऱ्या पडल्या, ताठरल्या. वीज पाच मिनिटं गेली तरी मला धाप लागे. ओरडायला मला तोंड नाही. मी फक्त पलीकडच्या मशीनची घरघर ऐकत बसे आणि मनात म्हणे, आज नको, आज नको.

परवा दुपारी वीज गेली. सगळा भार माझ्यावर आला. एक मिनिट. दोन. उघड्या प्लेटा तापल्या, पोट फुगलं, सडक्या अंड्यासारखा वास जिन्याखालून खोलीत गेला. चौथ्या मिनिटाला मी संपले. मशीननं लांबलचक शिट्टी दिली आणि घरघर थांबली.

"बाबा, हळू घ्या, हळू श्वास घ्या," सून म्हणत होती. एका हातानं त्यांना बसतं धरलेलं, दुसऱ्या हातात फोन. रुग्णवाहिका चौकात अडकली होती. मुलगा माझ्यापुढे गुडघ्यावर बसून इन्व्हर्टरचं बटण दाबत होता. दाबत होता, दाबतच होता. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडत गेले.

सतरा मिनिटांनी वीज आली. कोणी वाचवलं वगैरे काही नाही. आली म्हणून ते वाचले.

काल सुनेनं रॅक ओढून काढला, नवऱ्याच्या मदतीनं मला ओढत पलंगापाशी आणलं आणि पाणीवाल्यांनी सांगितलं तशी सहाही झाकणं उघडली. मुलानं विजेरी मारली. पाच घरं कोरडी.

"पण मी घातलं होतं बाबा. दर महिन्याला घातलं."

"एकाच झाकणातून?"

"आत पसरत नाही का ते?"

पाणीवाल्यांनी नाकातली नळी नीट केली. "डेपोत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सहाही झाकणं दाखवायचो," ते म्हणाले. "तुला कधी दाखवलं नाही. वाटलं, माझाच मुलगा, येत असेल."

मित्रांनो, मुलाला विचारायची लाज वाटली आणि बापानं सगळं गृहीत धरलं. मधे मी मेले. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण कोपऱ्यात बसली असेल. "घातलं" या शब्दावर विसंबू नका. मोठ्यांना घेऊन जा, अडगळ बाजूला करायला लावा, एकेका घरात डोकावायला लावा. आणि येत नसेल तर, येत नाही असं तोंडानं म्हणा.

नवी बॅटरी उद्या यायची आहे, तोवर वीज गेली तर घरात काहीच नाही. आता दुपार झाली आहे. आत घरघर चालू आहे. मी दाराबाहेर बसून ती ऐकते आहे.