उशिरा येणारी अक्षरं

"मिसेस के., हात लावू नका! झटका बसेल!"

डेरेक असंच काहीतरी म्हणाला असणार, कारण त्याच्या दाढीत हालचाल झाली आणि त्याने दोन्ही हात आडवे केले. मी चर्चच्या स्वयंपाकघरातून नुकतीच घरी येत होते. लेंटचा, ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार. सकाळपासून पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळून बोटं आखडली होती, अंगाला कांद्याचा आणि लोण्याचा वास येत होता, आणि माझ्याच दिवाणखान्यात माझ्याच टीव्हीची पाठ उघडी पडली होती. तिचं काळं झाकण सोफ्यावर माझ्या जागेवर ठेवलेलं. कार्पेटवर वायरचे तुकडे, नखं कापून टाकावीत तसे.

डेरेक माझा जावई. कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा माझ्या शेरिलला घेऊन "दोनच महिने" म्हणून तळघरात राहायला आला, त्याला आता तिसरा हिवाळा. चौतिसाव्या वर्षी तापात माझे कान गेले, तेव्हापासून मी लोकांचे ओठ वाचते. शेरिलचे ओठ छापील पानासारखे स्पष्ट. डेरेकचे वाचायचे म्हणजे झुडपात ससा शोधायचा.

"काय केलंस हे?"

"सरप्राइज!" हा शब्द मात्र त्याने तोंड भरून काढला. मग हातवारे करत समजावू लागला. लाल, हिरवा, निळा, तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनी थेट आत सोडले. आता कसं दिसतं बघा! त्याने आपलं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र जोडलं आणि टीव्ही लावला.

चित्र सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? कुणीतरी वर्षानुवर्षांची खिडकी आतून-बाहेरून धुतल्यासारखं.

"बघितलंत? असला टीव्ही आता पैसे देऊन मिळत नाही. लोक वेडे होतील."

"होऊ देत. पण माझ्या घरात नको. विचारलंस कुणाला?"

"शेरिलला विचारलं की."

"टीव्ही शेरिलचा आहे?"

त्याने खांदे उडवले आणि झाकण लावायला घेतलं. माझ्या सोफ्यावर सोल्डरिंगच्या राळेचा डाग पडला होता. मी तो घासत बसले आणि मनातल्या मनात त्याच्या आईचा उद्धार केला.

जेवण झाल्यावर मी कॅसेट लावली. शुक्रवारी मी चेटची कॅसेट लावते. चेट माझा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या टोलेडो शहराच्या चॅनलवर दर शनिवारी बोलिंगचा, म्हणजे जड बॉल घरंगळवून खुंट्या पाडायच्या खेळाचा, कार्यक्रम असायचा आणि एकदा चेट त्यात खेळला होता; ती ही कॅसेट. त्याच वर्षी चॅनलवाल्यांनी थेट कार्यक्रमाखाली अक्षरं द्यायला सुरुवात केली होती. कोण काय बोललं ते कुणीतरी तिथे बसून भराभर टाइप करायचं आणि काळ्या पट्टीवर ते उमटायचं. पण बोलणं आधी व्हायचं, अक्षरं मागाहून यायची. सगळं जग हसून मोकळं व्हायचं, तेव्हा कुठे विनोद माझ्यापर्यंत पोचायचा.

म्हणून घरी चेट हसू दाबून ठेवायचा. गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अक्षरं आली, मी हसले, की मग तो खो खो सुटायचा. त्या काळ्या पट्ट्या चित्र झाकतात म्हणून त्याने आयुष्यभर कटकट केली. पण माझ्याआधी एकदाही हसला नाही.

त्या कार्यक्रमात निवेदक त्याला प्रश्न विचारतो तेव्हा चेट त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे पाठ फिरवून बोलतो. ओठ दिसत नाहीत. त्याचा आवाज कसा होता ते मी केव्हाच विसरले. माझ्यासाठी त्याचा आवाज म्हणजे ती पांढरी अक्षरं.

चेट पडद्यावर आला. बॉल पुसला. निवेदकाकडे वळला. खाली काहीच आलं नाही.

मी रिमोटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चॅनलचा आकडा नाही, आवाजाची पट्टी नाही, अक्षरं नाहीत. टीव्ही मुका झाला होता. बहिरी मी होतेच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिन्याशी जाऊन मी तळघराचा दिवा पटापट चालू-बंद केला. आमच्या घरात हाक मारायची ती अशी. दोघंही धावत वर आले.

"अक्षरं कुठायत?" बहुतेक मी ओरडत होते, कारण शेरिलने खिडकी लावली.

डेरेकचं तोंड उतरलं. तो शेरिलला काहीतरी सांगू लागला आणि ती ते मला, शब्द सोडवून.

"मॉम, टीव्ही स्वतःचं जे काही लिहितो ना, ते ज्या तीन वाटांनी पडद्यावर जातं, त्याच वाटा त्याने खेळासाठी घेतल्या. तिथूनच चित्र सगळ्यात स्वच्छ येतं."

"घेतल्या म्हणजे?"

"तोडल्या."

"मग जोड म्हणावं!"

"जोडतो, जोडतो," डेरेक मान हलवत म्हणाला. मग बायकोकडे वळून आणखी काही पुटपुटला. शेरिलने ते मला सांगितलं नाही. पण ते नेमकं दाढीतूनही वाचता आलं: आता कोण बघतंय ते जुनंपानं?

"मी बघते," मी म्हटलं. "माझ्या छताखाली, माझ्या सोफ्यावर बसून."

"मॉम, त्याला माहीत नव्हतं."

"इतके हिवाळे इथे राहतोय. मी टीव्ही कसा बघते हे ज्याला दिसलं नाही, त्याच्यापेक्षा माझे कान बरे."

पुढचे काही दिवस तो रोज टीव्हीची पाठ उघडून बसला. माझ्याकडे न बघता. मीही त्याच्या कॉफीचा कप भरणं बंद केलं. शेवटी शेरिलनेच सांगितलं. तारा उपटताना आतल्या सर्किटच्या पाटीवरचं तांबंच सोलून आलं होतं, आणि जोडायला गेल्यावर आणखी उखडलं. तिने नाताळात घेऊन दिलेला चपटा टीव्ही मी पूर्वीच लावून पाहिला होता. त्यात चेट दिसायचा, पण या कॅसेटची अक्षरं काही त्याला काढता यायची नाहीत.

"हा डबा खाली घेऊन जा," मी डेरेकला म्हटलं. "चित्र तुझं आहे. तुझ्याकडेच ठेव."

"मिसेस के., असं नका ना करू..."

"उचल."

दोघांनी मिळून ते धूड जिन्यावरून उतरवलं. डेरेकचा गुडघा कठड्यावर आपटला. मी दारही धरलं नाही. कार्पेटवर टीव्हीच्या पायांचे चार खड्डे तेवढे मागे राहिले.

दुसऱ्या शुक्रवारी मी चर्चमधून आले तेव्हा त्या खड्ड्यांच्या मधोमध स्टुलावर एक छोटासा टीव्ही बसला होता. जुन्याच जातीचा, पूर्वी बायका स्वयंपाकघरात ठेवायच्या तसला. एका बाजूला तडा.

"कुणीतरी रस्त्यावर टाकला होता," डेरेक म्हणाला. माझ्यासमोर येऊन, हनुवटी वर करून म्हणाला, आणि मिशा कापल्या होत्या. "यात अक्षरं येतात. मी तपासलंय."

"उघडलास?"

"एक स्क्रू काढला नाही."

आभार मानायचे तर कशाचे? बाहेर अंधारून आलं होतं. मी कॅसेट लावली आणि सोफ्यावर बसले. तो निघून जाईल असं वाटलं होतं, पण माझ्या मागे उभाच राहिला. टीव्हीमागच्या खिडकीच्या काचेत मला तो दिसत होता.

चेट आला. केवढासा झाला होता! त्याने बॉल पुसला, निवेदकाकडे वळला. आता तो बोलत होता आणि त्याचा आवाज या खोलीत होता. डेरेकला तो ऐकू येत होता. मला त्या क्षणी डेरेकचा जितका राग आला, तितका तारा तोडल्या तेव्हाही आला नव्हता.

काचेत डेरेकचे खांदे हलले. तो हसला होता.

मग मध्येच त्याचे खांदे थांबले. हात तोंडाशी गेला.

आणि माझ्यासाठी काळी पट्टी उमटली. त्या एवढ्याशा पडद्यावर तिने चेटला पार छातीपर्यंत झाकून टाकलं.

निवेदक: चेट, बॉल फारच जड दिसतोय!

चेट: बायकोने निवडलाय. म्हणते, दमून घरी ये, म्हणजे भांडायला ताकद उरणार नाही.

काचेतला डेरेक आता हलत नव्हता. पट्टी पुसली गेली, नवी आली.

चेट: थांबा, इतक्यात हसू नका. ती घरी बघतेय. तिच्यापर्यंत हे उशिरा पोचतं, आणि तिला एकटीने हसायला आवडत नाही.

मी हसले.