पाऊण इंच, वर एक सूत

"आ करा."

गुंडप्पा ओसरीच्या उजेडाकडं तोंड करून बसला आणि त्यानं आ केला. शिवगंगानं गळ्यातली टेप काढली, तिचं पत्र्याचं टोक त्याच्या वरच्या दातांना टेकवलं आणि टेप खालच्या दातांपर्यंत ताणली. आकडे वाचायला तिला डोळे बारीक करावे लागले. कालपासून तिच्या डाव्या भुवईच्या वर कुणीतरी मुसळ घेऊन कांडायला बसलं होतं, आणि दर घावाला टेपवरचे आकडे एकमेकांत मिसळत होते.

"पाऊण इंच, वर एक सूत," ती म्हणाली. शिवणकामात तिला इंचाच्या आठव्या भागाचा, सुताचाही हिशेब लागायचा.

"काल किती होतं?"

"तेवढंच."

"मंग रोज रोज काय मोजायलीस? माझ्या तोंडाला ब्लाऊज शिवायलीस का?"

एरवी ती हसली असती. शिरूर अनंतपाळच्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज ह्याच ओसरीवर शिवले गेले होते, आणि त्यावरून नवऱ्याचे विनोद तिनं चौतीस वर्षं ऐकले होते. आज तिला हसायचं म्हटलं तरी कानशिलं ओढली जात होती.

लातूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी बसायला पाहिजेत. गुंडप्पाच्या तोंडात जेमतेम दीड बसत होतं. आणि उजव्या गालाच्या आतून एक पांढरा चट्टा होता, पातेल्याच्या कडेला दुधाची साय वाळून चिकटावी तसा. "तंबाखू, सुपारी, चुना, सगळं आजपासून बंद. एकवीस दिवसांनी या. चट्टा गेला तर बरंच. नाही गेला तर तुकडा काढून तपासायला धाडावा लागेल." कशासाठी तपासायचं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. येताना बसमध्ये शेजारी शेजारी बसून ते वाटभर खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत आले.

शिवगंगानं शिलाई मशीनच्या फळीवर निळ्या खडूनं एक रेघ ओढली. तिसरी.

*

लातूरहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी श्रावणातला सोमवार होता. त्या दिवशी मठातले अप्पाजी झोळी घेऊन भक्तांमधून फिरायचे. त्या झोळीला धान्य चालत नसे, नाणं चालत नसे. "आपली एक वाईट सवय टाका," एवढंच ते म्हणायचे. टाकलेलं परत मागायचं नाही, असा रिवाज होता. कुणी विड्यांचं बंडल टाकलं, कुणी पत्त्यांचा कॅट टाकला. झोळी गुंडप्पापुढं आली तेव्हा त्यानं हात जोडले.

"अप्पाजी, मी आत्ता टाकली असती. पण माझ्या घरात एक न्हाई, दोन व्यसनी हायत. आमच्या मंडळीला चार टाइम कापी लागती. तिनं सोडली की मी सोडतो."

मठ हसला. अप्पाजीही हसले. गुंडप्पाला वाटलं, सुटलो. त्याला बायको ठाऊक होती. तिचं माहेर शिमोग्याकडचं. बाप कॉफीच्या मळ्यावर मुनीम. लग्नात तिच्याबरोबर एक पितळी फिल्टर आलं होतं, दुमजली, गुंडप्पाच्या भांड्याच्या दुकानात आजवर कधी न आलेलं. चहा पिणाऱ्या घरात तिनं एकटीनं चौतीस वर्षं कॉफी प्यायली. सासूनं नाक मुरडलं, नणंदांनी 'कापीवाली' म्हणून हाका मारल्या. लेक सासरी उदगीरला गेली तरी फिल्टर आपल्या जागेवर होतं. पहाटे लिंगपूजा आटोपली, कपाळाला भस्म लागलं, की पहिला पेला. ती वेळ तिची. त्या वेळी तिला कुणी हाक मारत नसे.

शिवगंगा बायकांच्या घोळक्यातून उठली. घर मठाच्या मागंच होतं. ती गेली आणि आली तेव्हा तिच्या हातात ते फिल्टर होतं. पदरानं पुसून तिनं ते झोळीत सोडलं. पितळेवर पितळ आपटल्याचा आवाज झाला, कारण ते दुमजली होतं, आणि मठातलं हसणं थांबलं.

गुंडप्पानं कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि टाकली. टाकताना त्यानं बायकोकडं बघितलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवगंगानं एका पोलक्याची बाही उलटी जोडली. उसवली. पुन्हा उलटीच जोडली. जांभयांवर जांभया येत होत्या, हातपाय गार पडले होते, शेजारच्या घरातली लसणाची फोडणी नाकात शिरली आणि तिला मोरीकडं पळावं लागलं. सुई ओवताना दोरा तीनदा चुकला तेव्हा तिनं रीळ अंगणात भिरकावलं आणि मग ते आणायला स्वतःच उठली. माहेरी मळ्यावरच्या बायका पाटीत बिया वेचताना गाणी म्हणायच्या, तसं काहीतरी तिच्या ओठांवर आपोआप मराठीत जुळत गेलं:

*चुलीवर आधण, त्याला उकळायची घाई,*
*पेला पालथा ठेविला, माझं मन थारी न्हाई.*

गुंडप्पा जेवायला आला तो उभ्यानंच. त्यानं खिशातून कॉफीची एक छोटी पुडी काढली आणि मशीनवर ठेवली.

"घे. गरम पाण्यात टाकली की झाली. घोटभर घे."

"हे काय?"

"डोकं फुटून मरशील. आरशात तोंड बघ जरा. कुणाला सांगायचं न्हाई, मी कुठं सांगायलोय?"

"अन् मंग तुमचं?"

"माझं माझ्यापाशी."

तिनं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत कणव होती, खोटी नव्हती. पण कणवेच्या मागं दुसरंही काहीतरी उभं होतं, कुलूप लागलेल्या दाराशी किल्लीवाल्याची वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखं. तिनं घोट घेतला की ते दार उघडणार होतं.

ती पुडी घेऊन मोरीपाशी गेली, फोडली आणि ओतली. वर तांब्याभर पाणी टाकलं. ओल्या फरशीवरून वास उठला तसा तिनं दाराची चौकट धरली. वास विरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"लई हट्टी हायस तू," मागून गुंडप्पा म्हणाला. "बापावर गेलीस."

"जेवा. भाकरी गार व्हायलीय."

त्याच दिवशी चारच्या सुमाराला स्वप्नाली आली. कॉलेजातली पोरगी, साखरपुड्याचा ब्लाऊज घालून बघायला आली होती. तिनं शिवगंगाचा चेहरा बघितला आणि ब्लाऊज बाजूला ठेवला.

"अय्यो, काकू! किती सुकलाव. डोकं दुखतंय का?"

"दुखायलंय म्हणजे काय, आत कुणीतरी गिरणी टाकलीय."

"थांबा." तिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "आमच्या मम्मीला अर्धशिशी हाय, म्हणून मी ठेवतेच. सकाळी एक, संध्याकाळी एक. पूर्ण पट्टीच ठेवा."

अर्ध्या तासात मुसळ थांबलं. शिवगंगानं बाही जोडली, पहिल्याच खेपेला सुलटी. स्वप्नाली गेल्यावर ती ओसरीवर बसून राहिली, हलकी, नुकतीच बाळंत झाल्यासारखी. चौतीस वर्षांची सवय, तीन दिवसांत मोडली! तिला स्वतःचंच नवल वाटलं.

त्यानंतरच्या सकाळी बऱ्या गेल्या. एक गोळी, एक रेघ, आ करा, पाऊण इंच वर एक सूत. ती काम करता करता गुणगुणायला लागली आणि गुंडप्पा दिवसेंदिवस घुमा होत गेला.

"आता न्हाई दुखत डोकं?" तो विचारायचा.

"न्हाई."

"बिलकूल न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटायलंय का काय?"

सहाव्या दिवशी तो दुकानातून आला तेव्हा त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता. सातव्या दिवशीही होता. त्याला वेलदोडा कधी आवडला नव्हता, खिरीतला काढून ताटाच्या कडेला ठेवायचा तो. शिवगंगाच्या जिभेवर प्रश्न आला आणि तिनं तो गिळला. विचारलं तर उत्तर येईल, ह्याचीच तिला भीती वाटली. तिनं नुसती टेप ताणली. माप वाढत नव्हतं.

*

नवव्या दिवशी सकाळी तिनं नववी रेघ ओढली. पट्टी रिकामी झाली होती. दहा वाजेपर्यंत भुवईवर पहिला बारीक घाव पडला, तशी ती बाजारपेठेतल्या अमरनाथच्या मेडिकलवर गेली आणि रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली.

"असलीच दे बाबा एक."

अमरनाथनं पट्टी उलटी केली, वाचली, आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग तो हसायला लागला.

"काकू, फिल्टर झोळीत अन् कापी पट्टीत?"

"काय म्हणायलास?"

"हे बघा की." त्यानं मागच्या बारीक अक्षरांवर नख ठेवलं. "कॅफिन. कापीत असतंय तेच हे. कापी तुटली म्हणून डोकं चढलं, अन् ह्यानं भागलं म्हणून उतरलं. किती दिवस घ्यायलाव?"

शिवगंगानं बोटांवर मोजलं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पहिली. म्हणजे सहा दिवस गेले होते.

तिचा चेहरा बघून अमरनाथचं हसू मावळलं. "अहो काकू, औषधच हाय ते. तुम्ही काय मुद्दाम घेतलंय का? कोण बघायलंय? साधी गोळी देऊ का, ह्यात न्हाई ते."

"नको," ती म्हणाली आणि पट्टी मुठीत घेऊन पायऱ्या उतरली.

घर डावीकडं होतं, दुकान उजवीकडं. ती चौकात थांबली. सांगितलं तर गुंडप्पा मोकळा होणार, भर मठात ठरलेला करार तिनंच मोडला म्हणून. उरलेले बारा दिवस तो उजळ माथ्यानं तंबाखू मळणार आणि त्या चट्ट्याचं जे व्हायचं ते होणार. न सांगावं तर अमरनाथ कुणाला सांगणारा नव्हता. रेघा वाढत गेल्या असत्या. पण मग त्याच्या वेलदोड्यात आणि तिच्या पट्टीत फरक काय उरला? कपाळावर पहाटेचं भस्म होतं. तिनं नकळत तिथं बोट नेलं.

ती उजवीकडं वळली.

दुकानात गुंडप्पा एकटाच गादीवर बसला होता, मांडीवर घागर घेऊन पुसत. तिला बघताच त्यानं मान फिरवली.

"ऐका," ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. एका दमात बोलली नसती तर बोलणं झालंच नसतं. "ह्या गोळ्यांत कापी होती. मला ठाऊक नव्हतं. अमरनाथनं सांगितलं. सहा दिवस मी घेतल्या. म्हणजे माझं मोडलंय. तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा."

गुंडप्पानं मान आणखी खाली घातली.

"बोला की."

तो घागर पुसतच राहिला, पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा. हेच तर ऐकायला तो थांबला होता. आता त्यानं टाळी वाजवायला पाहिजे होती. त्यानं ओठ आवळून धरले होते, आणि शिवगंगाला दिसलं की त्याचा उजवा गाल थोडा फुगलाय.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दुकानातली ताटं थरथरली.

गुंडप्पा उठला. मागच्या दारानं नाल्याकडं गेला. तो थुंकत होता, खाकरत होता, पुन्हा थुंकत होता, ते सगळं तिला ऐकू आलं. मग त्यानं विक्रीचाच एक नवाकोरा तांब्या घेतला, चिकटवलेल्या किमतीच्या कागदासकट, आणि चूळ भरली. खूप वेळ भरली. परत येताना त्यानं कोपऱ्यातल्या हंड्यात हात घातला, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली आणि तिच्यासमोर गादीवर ठेवली.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"मठातनं आल्यापासूनच."

"अन् रोज सकाळी माझ्यापुढं आ करत होतात."

"करत होतो."

"नऊ दिवस."

"तुझे दोन-तीन तरी खरे हायत," गुंडप्पा खाली बघत म्हणाला. "माझा एकबी न्हाई."

तिला ओरडायचं होतं. पण मुसळ आता दणादणा पडत होतं, आणि तिच्या लक्षात आलं की ती ओरडली तर आधी तिचंच कपाळ फुटेल. तिनं पुडी आणि डबी उचलली. मठ बंद होता, झोळी पुढच्या सोमवारीच फिरणार होती. तिनं दोन्ही वस्तू नाल्यात टाकल्या, रिकामी पट्टी त्यांच्यावर टाकली, आणि घरी आली. मशीनच्या फळीवरच्या नऊ रेघा तिनं ओल्या अंगठ्यानं पुसल्या. लाकडावर निळा डाग राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही कुणाच्या समोर उभं राहण्याच्या लायकीची नव्हती. तिला उजेड सोसवत नव्हता. त्याचा पाय ओसरीवर बसल्या बसल्या हलत होता, बोटं रिकाम्या तळव्यावर काहीतरी मळत होती. मिठावरून भांडण झालं. मग भाजीत मीठ बरोबर होतं हे दोघांनाही कळलं, तरी कुणी माघार घेतली नाही. कॉफीच्या जागी तिनं कोमट पाण्याचा पेला घेतला आणि तो तसाच ठेवला.

मग तिनं गळ्यातली टेप काढली.

"आ करा."

त्यानं आ केला. तिनं टेप लावली. वाचलं. टेप सोडली, पुन्हा लावली, डोळ्यांवर आडवा हात धरून पुन्हा वाचलं.

"किती?"

"पाऊण इंच."

"अन् सूत?"

शिवगंगानं टेपची घडी घातली. एरवी टेप ती नुसती गळ्यात टाकायची, घडी घालत नसे.

"सूत न्हाई आज," ती म्हणाली.

गुंडप्पानं तोंड मिटलं. पाय हलायचा थांबला. तिनं मशीनच्या फळीवर, निळ्या डागाच्या शेजारी कोरड्या लाकडावर, एक रेघ ओढली आणि खडू ठेवायला हात पुढं केला. तो खडू गुंडप्पानं तिच्या हातातून घेतला. फळीवर वाकला. आयुष्यभर त्यानं भांड्यांवर नावं कोरली होती, पण खडू दोनदा बदलून धरला. तिच्या रेघेला लागून त्यानं आपली रेघ ओढली, वाकडी, मधेच तुटलेली, आणि तुटलेल्या जागी पुन्हा खडू टेकवून ती खालपर्यंत नेली.