एक लिंब पळायचं, एक लिंब चालायचं

मी एक जुना मैलाचा दगड आहे. केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याच्या कडेला, कमरेपर्यंत मातीत रुतून बसलो आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोरून कितीदा गेला असाल आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नसेल. चालायचंच. दगडाला कोण रामराम घालतो?

खाणीतून काढल्यावर पाथरवटाने माझ्या अंगावर आकडा कोरला. दरवर्षी मला चुन्याचा हात मिळे. मला पाहिलं की गाडीवान थकल्या बैलांना धीर देत. पुढे मैल गेले, किलोमीटर आले. नवे दगड बसले आणि माझा चुना बंद झाला.

त्या पडत्या काळात रंगनाथतात्या आणि छगन पहाटे माझ्याकडे येऊ लागले. तात्या पलटणीतून निवृत्त झालेले. छगन कापडाच्या दुकानात बसून बसून पोट सुटलेला. दोघांना ना शर्यत जिंकायची होती, ना बक्षीस हवं होतं. नुसती पळण्याची हौस. रस्त्याकडेच्या कडुलिंबांवर मोजून तात्यांची रीत ठरलेली. माझ्यापासून पहिल्या लिंबापर्यंत जीव तोडून पळायचं, तिथून दुसऱ्या लिंबापर्यंत सावकाश चालायचं, मग पुन्हा पळायचं. एक लिंब पळायचं, एक लिंब चालायचं.

छगनला चालण्याची लाज वाटे.

"तात्या, म्हाताऱ्यावानी काय चालायचं? सलग पळू की!"

"गड्या, दम खाल्ला तरच दम वाढतो," तात्या म्हणत. "काळीज हाय ते, इंजान न्हाई."

छगन कुरकुरत चाले. पण हळूहळू त्याचं पोट उतरलं, दुकानात कौतुक झालं. मलाही बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि रस्ता रुंद करायचं काम निघालं. पहिलं लिंब आड आलं, ते मुळासकट काढलं. मी वाचलो, मला उपटून कुणाला काय मिळणार? तात्या तेव्हा काष्टीला लेकीकडे गेले होते. छगन एकटाच आला, रिकाम्या जागेकडे बघून पुढच्या लिंबाकडे बोट दाखवत म्हणाला, "आता ह्येच पयलं लिंब."

म्हणजे जे दुसरं होतं, तेच! चालण्याचा टप्पा पळण्यात गेला, हे त्या शहाण्याला उमगलं नाही. किंवा उमगलं आणि गोडच वाटलं असेल. "तात्या आलं की दावतोच त्यांना," असं तो रोज पुटपुटायचा. परतताना मला टेकून बसायचा आणि छाती चोळायचा. मला फार भीती वाटायची.

एका पहाटे तो असाच टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. ऊन वर आलं तेव्हा कुठे एका गाडीवानाचं लक्ष गेलं.

दिवस-कार्य उरकल्यावर छगनची बायको झुंबरबाई तात्यांबरोबर ती जागा बघायला आली. माझ्यावर हात ठेवून तिने विचारलं,

"तात्या, त्यांना थांबा म्हनायला हितं कुनीच नव्हतं का वो?"

त्यानंतर तात्या कधी पळाले नाहीत.

मित्रांनो, मी होतो. रोज सगळं पाहत होतो. पण देवाने मला तोंड दिलं नाही.

तुम्हाला दिलं आहे. तुमच्याबरोबर पळणारा छाती चोळताना दिसला, तर त्याचा राग पत्करा. पण "बस, आता चाल" एवढं म्हणाच.