बांगडीचं माप

चऱ्होलीच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले ते छप्पन साल. दवाखाना म्हणजे चावडीशेजारच्या दोन खोल्या, एक कपाट, एक थर्मामीटर आणि एक मी. डॉक्टर बुधवारी यायचे, तेही नदीला फार पाणी नसेल तर. काही मैलांवर पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला होता आणि माझ्या कपाटात टिंक्चर आयोडीन नि खोकल्याचं गुलाबी औषध. एवढ्या शिबंदीवर पाच गावं सांभाळायची होती. वरून हुकूम असा, की दर महिन्याला गरोदर बायका तपासायच्या आणि तक्ता पुण्याला धाडायचा.

पहिले तीन महिने मी तक्त्यात शून्य लिहिलं. पाच गावांत एकीलाही दिवस गेले नाहीत, हे ब्रह्मदेवालाही पटलं नसतं. मी दारात गेले की सासू म्हणायची, "आमच्यात न्हाई बाई कुणी तसलं," आणि तेवढ्यात सून परसात पसार. मग एके दिवशी धावत बोलावणं यायचं. जाऊन बघावं तर बाई दोन दिवस अडलेली. अशा दोघी माझ्यासमोर गेल्या. त्या दोन्ही रात्री मला जेवण गेलं नाही, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

घोडं कुठे पेंड खातंय ते कनीजबींनी सांगितलं. कनीजबी चाकणच्या मणेरीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली, मनगटापासून कोपरापर्यंत नमुन्याच्या बांगड्या, आणि जीभ अशी की बैलगाडीसुद्धा वाट देईल. दुपारच्या उन्हात त्या माझ्या ओसरीवर टेकायच्या.

"अगं शालन, आरशात बघितलंस का कधी?" त्या म्हणाल्या. "पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हात भुंडे. पोटुशी बाई तुला दारात घेईल का? तिला वाटतं, अपशकून चालत आला."

पांढरं लुगडं सरकारी होतं. मोकळं कपाळ माझं स्वतःचं. नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढे विधवांच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात नर्सिंग शिकले. हे मी गावात सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"मग मी काय करू?"

"माझ्यासंगं चल. हिरवं लुगडं नेस, कुंकू लाव, टोपली उचल. मला कोण अडवतंय? कुणाला कितवा महिना हाय ते नवऱ्याआधी मला ठावं असतं."

मी आधी चिडले. दोन दिवस फणफणले. तिसऱ्या दिवशी हिरवं लुगडं नेसले. कुंकू दोनदा लावून पुसलं, ते खोटं कशाला सांगू? पण आरशातली बाई मला आवडली, हेही खरं.

मग काय विचारता! कनीजबी बांगड्या भरायच्या आणि मी बाईचा हात धरून बसायचे. हात धरला की नाडी आपोआप हाती लागते. गप्पा मारता मारता पाय सुजतात का, डोकं दुखतं का, मागच्या खेपेला काय झालं, सगळं बाहेर यायचं. आधीचा पांढरा वेश नुसता सरकारी, असं धरून सासू समोर बसून चहा द्यायची. आणि कनीजबींचा हिशेब तर माझ्या पुस्तकात कुठेच नव्हता. "हिला गेल्या महिन्यात सव्वादोनची चढली, आज अडकती," त्या हळूच म्हणायच्या, आणि मी त्या बाईचं मीठ तोडायचे. सूज ओळखायला मला डोळे फाडून बघावं लागे. त्यांना नुसतं माप पुरे.

तीन महिन्यांत तक्त्यात तेवीस नावं झाली. मला वाटलं, पुण्याहून शाबासकी येईल. पण शून्यावरून तेवीस म्हटल्यावर पुण्यात कुणाचाही विश्वास बसेना. नर्स घरबसल्या नावं रचते आहे असं ठरलं, आणि तपासणीला आमच्या वरिष्ठ सुमनताई स्वतः जीप घेऊन निघाल्या. मला अर्थातच कुणी कळवलं नव्हतं.

त्या दिवशी कौशल्याबाईंकडे त्यांच्या सुनेचं, इंद्रायणीचं डोहाळजेवण होतं. कौशल्याबाई म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी नको म्हटलं तर पाटीलही नको म्हणायचा. अंगणात बायकांची ही गर्दी. इंद्रायणी पाटावर बसलेली, आठवा महिना. कनीजबींनी हिरवी बांगडी तिच्या हाताला लावली आणि थांबल्या. दुसरी लावली, मोठी. तीही पंज्यावर अडली.

"पंधरा दिवसांत दोन मापं," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मी इंद्रायणीच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली सूज, पापण्या जड. "डोकं दुखतं का गं?"

"सकाळधरनं. आन् डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात," ती म्हणाली.

ही झटक्यांच्या आधीची खूण. हिला आजच पुण्याला न्यायला हवं होतं, नाहीतर आई आणि बाळ दोन्ही हातचे जाणार. मी तोंड उघडणार, तोच दारात जीप थांबली आणि दवाखान्याला कुलूप बघून मला शोधत सुमनताई आत आल्या. पांढरी स्वच्छ साडी, हातात माझा तक्ता.

"शालन!" त्या कडाडल्या. "गणवेश कुठे आहे तुझा? विधवांच्या जागेवर शिकलीस आणि हे हिरवं लुगडं, कुंकू?"

कौशल्याबाई उठल्या. "रांडव बाई? माज्या सुनेच्या डोहाळजेवणाला?" त्यांचा आवाज फाटला. "ऊठ! भाईर हो!"

शरमेने माझे कान तापले. पण शरमेपेक्षा राग मोठा होता, आणि त्या दिवशी तोच कामाला आला.

"होते बाहेर," मी म्हणाले. "हवं तर मारा मला. पण आधी हिला जीपमध्ये घाला. आज दवाखान्यात नेली नाही, तर ही जगायची नाही. सुमनताई, तुम्हीच बघा हिचे हात."

सुमनताईंनी वाकून हात बघितले, पापणी बघितली. त्यांचा चेहरा बदलला. "खरं आहे. लगेच निघायला हवं."

"न्हाई!" कौशल्याबाई आडव्या झाल्या. "हिच्या हातानंच इपरीत झालंय. हिचा शब्द मी न्हाई ऐकायची."

तेव्हा कनीजबींनी टोपली खाली ठेवली. "कौशल्या, डोहाळजेवणात बांगड्या कुणी भरल्या होत्या गं? तुझ्या तिन्ही लेकींना?"

"तूच की."

"माझा मालक जाऊन बारा वर्सं झाली. मीबी रांडच हाय. हे हातभर नमुनं बघून कुणी इचारलंच न्हाई, मीबी बोलले न्हाई. पोटाचा धंदा हाय. बारा वर्सं गावातल्या समद्या पोटुश्या माझ्या हातच्या बांगड्या घालत्यात. किती जणींचं वाईट झालं, सांग की!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी आपल्या मनगटाकडे बघितलं. तेवढ्यात इंद्रायणी पाटावरून उठायला गेली आणि तिचा तोल गेला. मी तिला धरलं. या वेळी कुणी मला हटकलं नाही.

जीपमध्ये तिला निजवलं आणि मी मागे सरले. सासूची जागा शेजारी, असा रिवाज. कौशल्याबाई माझ्यावर खेकसल्या, "बघती काय? बस तिच्यापाशी. मला नाडी कळती व्हय?"

खडकीच्या अलीकडे इंद्रायणीला पहिला झटका आला. मी तिला कुशीवर वळवून धरलं, आणि सुमनताईंनी ड्रायव्हरला असा हाकलला की गणवेशाबद्दलच्या मेमोचा विषयही निघाला नाही. तो आठवड्याने टपालाने आला, तो भाग वेगळा.

पहाटे मुलगी झाली. लहानशी, पण रडली खणखणीत. डॉक्टर म्हणाले, दोघी वाचल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

कौशल्याबाईंनी ते ऐकलं आणि व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुजा मालक कशानं गेला गं?"

"पायात खिळा घुसला होता. धनुर्वात झाला. आमच्या गावाला दवाखाना नव्हता."

गेल्या सहा वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मला रडू आवरेना. कौशल्याबाईंनी पदराची गाठ सोडली, कालच्या डोहाळजेवणातली पुरणपोळी काढली आणि मधोमध मोडली.

"खा," त्या म्हणाल्या. "कालपास्नं तूबी उपाशीच हायस."